‘आत्ता’ केवढा असतो? : सजगता आणि दुर्गाबाईंचं ‘ऋतुचक्र’

संयोजकांनी मला विषय दिला तो ‘रोजच्या जगण्यातला आनंद आणि सजगता’ असा. मी त्यांना म्हटलं, यावर उपदेश करायचा माझा अधिकार नाही. एखाद्या पुस्तकाच्या आधाराने बोललो तर चालेल का? ते चालेल म्हणाले. म्हणून आज आपण दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ समोर ठेवून बोलणार आहोत. १९५६ साली आलेलं पुस्तक. बारा महिन्यांवरचे लेख. आपल्यापैकी कित्येकांनी त्यातला ‘वसंतहृदय चैत्र’ शाळेत धडा म्हणून वाचला असेल. म्हणजे संदर्भासहित स्पष्टीकरणासाठी वाचला असेल. (हशा) आज मार्कांची चिंता न करता वाचू.

पण पुस्तकाकडे जाण्याआधी एक छोटा प्रसंग सांगतो.

मध्यंतरी मी सजगतेच्या एका वर्गाला गेलो होतो. तिथे प्रत्येकाच्या तळहातावर एक बेदाणा ठेवला. हा त्या क्षेत्रातला प्रसिद्ध सराव आहे. बेदाणा बघायचा, बोटांनी चाचपायचा, त्याचा वास घ्यायचा, कानाशी नेऊन दाबून बघायचा आणि मग सावकाश खायचा. सूचना अशी, की जन्मात बेदाणा पाहिलेलाच नाही असं समजून त्याच्याकडे बघा. माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते, तासगावकडचे. त्यांनी तो बेदाणा उजेडात धरला, फिरवला आणि हळूच म्हणाले, “हा माल पावसात सापडलेला दिसतोय.” सगळे हसले. शिकवणाऱ्या बाईंनी फार प्रेमाने सांगितलं, “हा विचार आहे. तो आला तसा जाऊ द्या आणि परत बेदाण्याकडे या.”

मी घरी जाताना वाटभर विचार करत होतो, की हे गृहस्थ बेदाण्यापासून लांब कधी गेले होते? उलट त्या खोलीत बेदाणा खरोखर पाहिला असेल तर त्यांनीच. द्राक्ष उतरवून, डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून, शेडमधल्या जाळ्यांवर वाळत घालतात. दोनेक आठवडे जीव टांगणीला असतो. त्यात अवकाळी पाऊस आला तर रंग काळवंडतो, बुरशी धरते, सौद्यात भाव पडतो. हे सगळं त्यांना तळहातावरच्या एका दाण्यात दिसलं. आम्हा बाकीच्यांना सुरकुत्या दिसल्या.

माझ्या आजच्या बोलण्याचा मुद्दा एवढाच आहे. ‘वर्तमानात राहा’ असं आपल्याला हल्ली सगळीकडून सांगतात. मोबाइलमधलं ॲप सांगतं, ऑफिसातलं शिबिर सांगतं. पण ते ज्या ‘आत्ता’बद्दल बोलतात तो फार लहान असतो. बेदाण्याएवढा. तासगावकरांचा ‘आत्ता’ मोठा होता, कारण त्यात आठवण होती, माहिती होती, काळजी होती. आनंद कुठल्या ‘आत्ता’त मावतो, हा प्रश्न आहे. आणि मला वाटतं, त्याचं मराठीतलं एक चांगलं उत्तर ‘ऋतुचक्रा’त आहे.

आता न्यायाने बोलायचं तर या नव्या पद्धतीची बाजूही मांडली पाहिजे. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात एक कार्यक्रम सुरू केला. तो प्रामुख्याने अशा रुग्णांसाठी होता, ज्यांचं दुखणं औषधांनी पुरतं हटत नव्हतं. दुखणं आहेच, पण त्याच्या भोवती भीतीचं आणि चिडचिडीचं जे दुसरं दुखणं तयार होतं, ते तरी कमी करू, अशी ती दृष्टी. जाणीवपूर्वक, या क्षणाकडे, बरं-वाईट न ठरवता लक्ष द्यायचं, ही त्यांच्या व्याख्येची मुख्य अंगं. वेदनेने बेजार झालेल्या माणसाला याचा आधार मिळत असेल तर आपण नाक मुरडायचं कारण नाही. आपल्याकडे इगतपुरीला सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेची दहा दिवसांची शिबिरं भरतात. तिथे तर फी घेत नाहीत, मौन पाळावं लागतं आणि शरीराची चांगलीच परीक्षा होते. तिथे बसणाऱ्याला कोणी ‘झटपट शांती’ विकत नाही.

अडचण शब्दापासून सुरू होते. ज्याला इंग्रजीत ‘माइंडफुलनेस’ म्हणतात, तो मूळ पाली शब्द आहे ‘सती’. त्याचं संस्कृत रूप काय? ‘स्मृती’. म्हणजे आठवण! एकोणिसाव्या शतकात पाली ग्रंथांची इंग्रजी भाषांतरं होत होती, तेव्हा ऱ्हीस डेव्हिड्स यांनी ‘सती’साठी ‘माइंडफुलनेस’ वापरला आणि तो रुळला. इंग्रजी शब्दात ‘लक्ष असणं’ आलं, ‘लक्षात असणं’ मागे राहिलं. मराठीत आपण दोन्ही म्हणतो, नाही का? ‘लक्ष दे’ आणि ‘लक्षात ठेव’. एकाच शब्दाची ही दोन टोकं आहेत. आज जी सजगता आपल्यापर्यंत येते, तिने पहिलं टोक धरलं आणि दुसरं सोडून दिलं. भूतकाळ म्हणजे ओझं, तो टाका आणि हलके व्हा, असं ती सांगते.

आता ‘ऋतुचक्रा’कडे येऊ.

दुर्गाबाईंनी या पुस्तकासाठी एकक निवडलं ते महिन्याचं. क्षण घेतला नाही, दिवस घेतला नाही, आणि सरसकट ‘निसर्ग’ही घेतला नाही. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, असे बारा. ही निवड मला फार महत्त्वाची वाटते. क्षण येतो तसा जातो. महिना परत येतो. आणि जे परत येतं, त्याच्याशीच आपली ओळख वाढू शकते. पिंपळाची पालवी या चैत्रात पाहताना गेल्या चैत्रातली आठवते, म्हणूनच यंदा ती चार दिवस उशिरा आली हे कळतं, रंग जरा फिका आहे हे कळतं. ज्याला गेल्या वर्षीचं काही आठवत नाही, त्याला यंदाचं वेगळेपणही दिसत नाही. म्हणजे ‘जन्मात पहिल्यांदाच पाहतोय’ असं समजून पाहणारा एका अर्थाने आंधळाच असतो. त्याला नवल वाटेल, पण फरक कळणार नाही. आणि रोजच्या जगण्यातला आनंद बहुतेक वेळा फरकात असतो.

चैत्राच्या त्या लेखात घाणेरी आहे. रस्त्याच्या कडेला, कुंपणाला, रेल्वेच्या रुळांलगत माजणारी ती झुडपं. नावच घाणेरी, मग कोण बघतंय? दुर्गाबाई तिच्यापाशी थांबतात आणि तिच्या गुच्छातले रंग बघतात. एका छोट्या गुच्छात वेगवेगळ्या रंगांची फुलं असतात, कारण फूल जुनं होत जातं तसा त्याचा रंग बदलतो. नव्या फुलाचा पिवळा हळूहळू गुलाबीकडे किंवा केशरीकडे जातो. म्हणजे त्या गुच्छात काल, आज आणि परवा शेजारी-शेजारी बसलेले असतात. तुम्ही उद्या सकाळी घाणेरी दिसली तर जरूर बघा.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. कोणी म्हणेल, “अहो, माहिती असणं हाच तर पाहण्यातला अडथळा आहे. ‘माहितीये मला’ म्हटलं की माणूस बघायचं थांबतो. म्हणूनच तर सजगतेचे शिक्षक म्हणतात, की नवख्याच्या नजरेने बघा.” खरं आहे. घाणेरी हे नावच याचा पुरावा आहे. एका शब्दाने आपण ते झाड निकालात काढलं. वीस वर्षं एका घरात राहून नवऱ्याला बायकोच्या डोळ्यांचा रंग सांगता येत नाही, तेही याच ‘माहितीये मला’मुळे. (हशा)

पण यावर उपाय काय? माहिती पुसून टाकणं की वाढवणं? दुर्गाबाईंचा रस्ता दुसरा आहे. त्यांना घाणेरीचं नाव माहीत आहे, लोक तिला तुच्छ मानतात हे माहीत आहे, आणि तरी त्या पुढे जाऊन पाहतात. नाव माहीत असणं आणि वस्तू माहीत असणं यांत खूप अंतर आहे. आपण बहुतेक वेळा नावापाशी थांबतो आणि समजतो, की वस्तू पाहून झाली. संस्कृत काव्य, लोककथा, व्रतं, झाडांची शास्त्रीय ओळख हे सगळं दुर्गाबाई बरोबर घेऊन हिंडतात. त्यामुळे त्यांच्या नजरेत खूप गर्दी आहे, पण ती गर्दी वाट अडवत नाही. प्रत्येक जण बोट दाखवून म्हणतो, इकडेही बघा.

आणि दुसरी गोष्ट. ‘बरं-वाईट न ठरवता’ ही अट दुर्गाबाई अजिबात पाळत नाहीत! त्यांना आवडतं, आवडत नाही. त्या तुलना करतात, ठाम मत देतात. ज्यांनी त्यांचं बोलणं ऐकलंय त्यांना हे सांगायला नको. त्यांचं ‘खमंग’ हे स्वयंपाकावरचं पुस्तक घ्या. खवय्येपणात निवाडा न करून चालतच नाही. फोडणीची मोहरी तडतडली की नाही, हिंग करपला का, हे ठरवावं लागतं, आणि तेही तेवढ्या दोन सेकंदांत. तिथे ‘मी निर्विकारपणे मोहरीकडे पाहत आहे’ म्हणालात, तर आमटी गेली. रोजच्या कामात माणूस सर्वांत जास्त हजर असतो तो अशा ठिकाणी, जिथे त्याला बरं-वाईट कळतं आणि ते कळण्यावर काहीतरी अवलंबून असतं.

आता पुस्तकाची दुसरी बाजू. समीक्षा करायची म्हटल्यावर नुसतं कौतुक करून चालणार नाही.

‘ऋतुचक्रा’ची भाषा काही ठिकाणी नको इतकी नटते. विशेषणांची रांग लागते आणि तिच्यामागे झाड दिसेनासं होतं. तिथे मला वाटतं, की बाईंनी पाहणं थांबवलंय आणि लिहिणं सुरू केलंय. ही माझी तक्रार लहान आहे. मोठी तक्रार वेगळी आहे. या बारा महिन्यांत पोटापाण्याचा घोर फारसा कुठे जाणवत नाही. वैशाखातलं ऊन या पुस्तकात सौंदर्य म्हणून येतं. पण ‘ऋतुचक्रा’च्या एकच वर्ष आधी, १९५५ साली, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आली होती. तिथे मेंढरं आहेत, माळ आहे, आणि शेवटी दुष्काळाने अख्खी वाडी उठून जाते. पाऊस न आलेला आषाढ बनगरवाडीत काय असतो? तिथला माणूस आभाळाकडे दुर्गाबाईंपेक्षा कमी लक्षपूर्वक बघतो का? जास्तच बघतो. पण त्याच्या बघण्यात आनंद असेलच असं सांगता येत नाही.

हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण ‘लक्ष द्या म्हणजे आनंद मिळेल’ हे समीकरण आपण फार सहज मांडतो. ज्याचं पीक आडवं झालंय, त्याला ‘क्षणात जगा’ म्हणून सांगणं हा निव्वळ उद्धटपणा आहे. कामाच्या ताणाने पिचलेल्या माणसाला ताण कमी करण्याऐवजी श्वास मोजायला बसवलं, तर आपण त्याला मदत केली की त्याच्या साहेबाला, हेही विचारायला हवं. सजगतेची शिकवण जिथे हा प्रश्न विचारत नाही, तिथे ती मला खोटी वाटते.

मग ‘ऋतुचक्र’ही त्याच पंक्तीला बसवायचं का? सुखवस्तू माणसाची निसर्गात विश्रांती म्हणून? काही काळ मलाही तसं वाटत होतं. पण दोन गोष्टींनी माझं मत बदललं.

पहिली म्हणजे त्यांचं आजारपण. ऐन उमेदीत, मध्य प्रांतात आदिवासींमध्ये संशोधन करत असताना विषारी अन्नबाधेने दुर्गाबाई आजारी पडल्या. काही वर्षं त्यात गेली. हाती घेतलेला अभ्यास सुटला. ‘ऋतुचक्र’ त्यानंतरचं आहे. म्हणजे हे लिहिणारी बाई सगळं सुरळीत चाललंय म्हणून फुलं बघत नव्हती. पुस्तकात स्वतःच्या दुखण्याचं रडगाणं नाही, पण पानोपानी जी असोशी आहे, ती ज्याच्याकडून काहीतरी एकदा हिरावलं गेलंय अशा माणसाची आहे. हे कळल्यावर भाषा नटलेली वाटली तरी पोकळ वाटत नाही.

दुसरी गोष्ट २५ जून १९७५ नंतरची. देशात आणीबाणी आली. त्या वर्षीच्या डिसेंबरात कराडला मराठी साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष दुर्गाबाई. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, केंद्रातले मंत्री. जयप्रकाश नारायण तेव्हा तुरुंगातून सुटून मूत्रपिंडाच्या विकाराने मुंबईत जसलोक रुग्णालयात होते. दुर्गाबाईंनी भर संमेलनात त्यांच्या प्रकृतीसाठी सगळ्यांना प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली, तीही एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात, वाचायला बसलेल्या असताना.

या दोन दुर्गाबाई वेगळ्या आहेत, असं आपण समजतो. एक फुलंपानं बघणारी, एक लढणारी. मला तसं वाटत नाही. घाणेरीपाशी थांबताना त्यांनी जे केलं, तेच कराडला केलं. लोकांनी जिकडे बघायचं नाही असं ठरवलंय, तिकडे त्या बघतात आणि दिसलं ते बोलतात. कराडच्या मांडवात त्या दिवशी हजारोंना जयप्रकाशांची आठवण होती. बाईंनी ती मोठ्याने सांगितली, बस. स्मृती म्हणजे सती म्हणतात ती हीच असेल, तर तिला तुरुंगवासही घडू शकतो.

दुर्गाबाईंनी थोरोचं ‘वॉल्डन’ मराठीत आणलं, ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने. आज सजगतेची पुस्तकं लिहिणारे थोरोचं नाव हमखास घेतात; तळं, एकांत, साधेपणा. पण याच तळ्याकाठी राहत असताना, १८४६ साली, थोरो एक रात्र कोठडीत होता. गुलामगिरी पोसणाऱ्या सरकारला कर देणार नाही म्हणून. तळं बघणारा आणि कोठडीत जाणारा माणूस एकच होता. दुर्गाबाईंना हे पक्कं ठाऊक होतं.

एक शेवटचा धागा. दुर्गाबाईंचा तरुणपणीचा अभ्यास होता बौद्ध विनयावर, म्हणजे भिक्षूंच्या नियमांवर. त्या विनयात वर्षावासाची हकिगत येते. पावसाळ्यातही भिक्षू गावोगाव फिरत, तेव्हा लोकांनी तक्रार केली, की हे हिरवं गवत तुडवतात, बारीकसारीक जीव चिरडतात. त्यावर बुद्धांनी नियम केला, की पावसाळ्यात एका जागी राहावं. हे भिक्षू रोज सावधपणे पाऊल टाकण्याचा अभ्यास करणारे, बरं का! त्यांचं स्वतःच्या पावलाकडे लक्ष होतं. पावलाखालच्या गवताकडे लक्ष गेलं ते गावच्या लोकांचं, कारण त्यांना पावसाळा माहीत होता. आणि मोठेपण असं, की बुद्धांनी ते ऐकलं. आतल्या लक्षाला बाहेरच्या लक्षाने दुरुस्त केलं.

आपल्या मराठीत या सगळ्यासाठी एक जुना शब्द आहे, ‘अवधान’. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच श्रोत्यांकडे ते मागितलंय आणि त्याच्या बदल्यात सुखाची हमी दिली आहे. पण तिथे अवधान द्यायचं ते दुसऱ्याच्या बोलण्याला. एकट्याने डोळे मिटून बसण्याबद्दल ते बोलणं नाही. समोर कोणीतरी आहे, काहीतरी आहे, आणि मी त्याला माझं लक्ष देतो. ‘देतो’ हे क्रियापद बघा. दिलं की आपल्याकडून काहीतरी जातं.

आता कोणीतरी विचारणार, मग करायचं काय? नेहमी विचारतात. मी दुर्गाबाईंकडून घेतलेला एकच उपाय सांगतो. घरापासून चालत जाता येईल असं एक झाड धरा. आंबा नको, त्याच्याकडे आपण फक्त फळासाठी बघतो. करंज चालेल, पिंपळ चालेल, उंबर तर उत्तम. वर्षभर, दर महिन्याला एकदा तरी त्याच्याखाली पाच मिनिटं उभं राहा. डोळे उघडे ठेवून. पानं, पाखरं, मुंग्या, खाली बसणारा चपलांचा कारागीर, बुंध्याला ठोकलेली जाहिरातीची पाटी, सगळं बघा. वहीत चार ओळी लिहा. पहिल्या वर्षी फार काही होणार नाही. खरी मजा दुसऱ्या वर्षी आहे, कारण तेव्हा तुमच्याजवळ आठवण असेल.

आणि मधल्या काळात महानगरपालिकेची माणसं कुऱ्हाड घेऊन आलीच, तर पहिला फोन कोण करणार, हे वेगळं सांगायला नको.